चार कॅमेऱ्यांत कबड्डीचा हंगाम

प्रश्न असा आहे: सांगली जिल्ह्यातली एक केबल वाहिनी दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत गावोगावच्या कबड्डी स्पर्धा थेट दाखवते. चार कॅमेरे आहेत, मुलं मेहनती आहेत, तरी गेल्या हंगामात लोक म्हणाले की मैदानात बसून मजा येते, टीव्हीवर काय चाललंय ते कळत नाही. मग स्टार स्पोर्ट्सवरची प्रो कबड्डी आमच्या आजीलाही कशी कळते? फरक फक्त पैशाचा आहे का? यंदा काय बदलावं?

पैशाचा फरक आहेच, पण तुमच्या प्रेक्षकांची तक्रार पैशाने सुटणारी नाही. तुम्ही पाठवलेले दोन सामने मी कागद-पेन घेऊन पाहिले. पहिल्या सामन्याच्या पहिल्या वीस मिनिटांत अकरा चढायांच्या ऐन मोक्याला पडद्यावर चढाईपटूचा चेहरा होता. पाय कुठे होता, कोपरारक्षक, म्हणजे बचावाच्या टोकाचा गडी, किती आत सरकला होता, स्पर्श झाला की नाही, यातलं काहीच दिसलं नाही. चेहरा सुंदर टिपला आहे, कॅमेरामनचा हात स्थिर आहे, फोकस पक्का आहे. पण गुण पायाने मिळाला आणि आपण तोंड दाखवत होतो. मैदानातल्या माणसाला हा त्रास नसतो, त्याची नजर त्याला हवी तिकडे वळते. घरच्या माणसाची नजर मात्र आपण हातात धरलेली असते.

मी बावीस वर्षं ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीत काढली. आधी कॅमेऱ्यावर, मग कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र जाणार ते बदलणाऱ्या स्विचरवर, शेवटची काही वर्षं दिग्दर्शक म्हणून. त्याच्याही आधी कबड्डी खेळलो, उजव्या कोपऱ्यात. तरीही २०१४ पर्यंत मी स्वतः कबड्डी चुकीचीच दाखवत होतो, हे आधी सांगून टाकतो. आम्ही ती कुस्तीसारखी दाखवायचो. जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ, घाम, धूळ, आवळलेल्या मुठी. कुस्तीत दोन अंगांमधलं अंतर मिटलं की खेळ रंगतो. कबड्डीत ते अंतरच बघायचं असतं: चढाईपटू आणि डावा कोपरा यांच्यात दीड हात जागा उरली की एक हात, आणि तो एक हात कोण आधी ओलांडणार. जवळ गेलात की ते अंतर चौकटीबाहेर पडतं.

२६ जुलै २०१४ ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुम्बा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. मी तिकीट काढून वरच्या रांगेत बसलो होतो. यू मुम्बाने ४५-३१ असा जिंकला. रात्री घरी आल्यावर मुलीने रेकॉर्ड करून ठेवलेला तोच सामना पुन्हा पाहिला आणि मैदानात बसून माझ्या नजरेतून सुटलेले दोन बोनस गुण टीव्हीवर स्वच्छ दिसले. आयुष्यभर कबड्डी पाहिलेल्या माणसाला टीव्हीने मैदानापेक्षा जास्त दाखवलं, असं माझ्या बाबतीत तेव्हा पहिल्यांदा झालं. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने ही लीग उभी केली. तिचं बीज २००६ च्या दोहा आशियाई खेळांतलं, तिथे कबड्डीला झालेली गर्दी चारू शर्मांच्या मनात राहिली होती. पण बीज कुठलंही असो, झाड वाढलं ते प्रक्षेपणामुळे. पहिल्या हंगामात सुमारे ४३.५ कोटी लोकांनी ही लीग टीव्हीवर पाहिल्याचे आकडे आले, आयपीएलच्या खालोखाल. हे लोक कबड्डी नव्याने शिकलेले नव्हते. शाळेच्या मैदानावर, शेतात, गल्लीत ती खेळून मोठे झालेले होते. त्यांना ती पडद्यावर ओळखीची वाटली, एवढंच.

आता तुमच्या चार कॅमेऱ्यांकडे येतो.

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा, म्हणजे चढाईपटूने निदान एवढी तरी ओलांडायची ती, ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा, आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत १.७५ मीटर. म्हणजे एका संघाच्या वाट्याला फक्त साडेसहा मीटर खोली येते. चढाई चालू असताना ही अख्खी अर्धी बाजू, सातही बचावपटू आणि चढाईपटूचे दोन्ही पाय एका चौकटीत बसलेच पाहिजेत. हा तुमचा पहिला कॅमेरा. तो मध्यरेषेच्या सरळ समोर, मैदानाच्या लांब बाजूला, माणसाच्या डोक्यावरून मैदान दिसेल इतक्या उंचीवर ठेवा. गावात लाकडी मचाण बांधून मिळतं, ट्रॅक्टरची ट्रॉली लावली तरी चालते. फक्त तिच्यावर दुसरं कुणी चढता कामा नये, नाहीतर चित्र हलतं. उंची कमी पडली तर पुढच्या बचावपटूमागे मागचा लपतो आणि बचावपटूंनी हात धरून केलेली साखळी दिसत नाही. उंची फार झाली तर माणसं चपटी दिसतात, उडीची उंची कळत नाही.

चढाई सुरू झाल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत हा कॅमेरा सोडायचा नाही. हे वाक्य पॅनलवर चिकटवून ठेवा. हात शिवशिवतो, मला माहीत आहे. टॉकबॅकवर, म्हणजे कानातल्या हेडफोनवर, तीन नंबरच्या कॅमेऱ्याचा मुलगा ओरडत असतो, 'सर, माझ्याकडे भारी आहे, घ्या ना.' घ्यायचं नाही. चढाईला तीस सेकंद असतात. त्यातली वीस-पंचवीस सेकंद काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग अर्ध्या सेकंदात सगळं घडतं. ते अर्धं सेकंद कधी येईल हे चढाईपटूलाही माहीत नसतं, मग तुम्हाला कुठून कळणार?

२०१७ च्या पाचव्या हंगामात प्रदीप नरवालने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका चढाईत सहा जण बाद केले. लोणाचे, म्हणजे अख्खा संघ बाद केल्याचे, दोन गुण धरून एका चढाईत ८ गुण. त्या सामन्यात त्याचे चढाईचे ३४ गुण झाले. ती चढाई शोधून पुन्हा बघा आणि डोळ्यांसमोर आणा की त्या क्षणी पडद्यावर प्रदीपचा चेहरा असता तर काय उरलं असतं. सहा माणसं कशी अंगावर आली, तो कुणाकुणाला घेऊन मध्यरेषेकडे सरकला, यातलं काहीही दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचावं लागलं असतं.

दुसरा कॅमेरा मुख्य कॅमेऱ्याच्या शेजारीच, त्याच मचाणावर. त्याने फक्त एक माणूस धरायचा. चढाईत चढाईपटू कमरेपासून पायापर्यंत, आणि शिट्टीनंतर चेहरा. याचं चित्र थेट क्वचितच जाईल, पण रिप्लेला हाच कामी येईल, म्हणून तो सतत रेकॉर्ड व्हायला हवा. तुमच्या मुलांनी हा कॅमेरा रिकाम्या वेळी प्रेक्षकांवर फिरवला आहे, त्यामुळे दुसऱ्या सामन्यातल्या शेवटच्या पकडीचा रिप्लेच नव्हता.

तिसरा जमिनीवर, बोनस रेषेच्या अगदी सरळ रेषेत. क्रिकेटमध्ये रनआऊटचा कॅमेरा क्रीजच्या रेषेत असतो, तसाच. बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे आणि दुसरा त्या वेळी हवेत हवा. हे तिरक्या कॅमेऱ्यातून कुणालाही सांगता येत नाही, रेषेत बसलेल्या कॅमेऱ्यातून पोरगंही सांगेल. दोन्ही बाजूंना दोन बोनस रेषा आहेत आणि तुमच्याकडे कॅमेरा एक आहे, हे खरं. मग तो निम्म्या वेळी एका बाजूला राहील. माझं मत विचाराल तर या कामासाठी छोटे, तिपाईवर ठेवून सोडून देता येणारे दोन कॅमेरे विकत घ्या. माणूस लागत नाही. यंदा पैसे खर्चायचेच असतील तर ड्रोनऐवजी यावर खर्चा. बंद मंडपात आणि माणसांच्या डोक्यावर ड्रोन नकोच.

चौथा खांद्यावर, बाद झालेल्या खेळाडूंच्या बाकाजवळ. प्रशिक्षक, बाकावर बसून गुडघे हलवणारा चढाईपटू, आत परत येणारा खेळाडू. कबड्डीत बाद झालेला माणूस संपत नाही, सोबत्याने गुण आणला की तो पुन्हा आत येतो. बाकावरची ही वाट बघणं या खेळाइतकं दुसरीकडे कुठेच दिसत नाही. तुम्ही ते दोन्ही सामन्यांत एकदाही दाखवलेलं नाही.

चारही कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला ठेवा. समोरच्या बाजूने एकही चित्र थेट घेतलंत तर डावीकडून उजवीकडे निघालेला चढाईपटू एकदम उजवीकडून डावीकडे जाताना दिसतो, आणि घरच्या माणसाचा गोंधळ उडतो. आणि ती एक बाजू कोणती? व्यासपीठाची. आयोजकांची इच्छा नेमकी उलट असते, पाहुणे कॅमेऱ्यात दिसावेत म्हणून ते मचाण समोर बांधायला सांगतात. त्यांना प्रेमाने समजवा. तुम्ही व्यासपीठाकडून टिपलंत तर चढाईच्या मागे गच्च भरलेली गॅलरी दिसते, टाळ्या वाजवणारी, अंगावर शाली घेतलेली माणसं दिसतात. समोरून टिपलंत तर रिकाम्या खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्या. पाहुण्यांना चौथा कॅमेरा टाइमआऊटला दाखवेल.

रिप्लेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त घाई होते. चढाई संपली की समोरच्या संघाने पाच सेकंदांत आपला चढाईपटू पाठवायचा असतो. म्हणजे क्रिकेटसारखा दोन चेंडूंमधला निवांत वेळ इथे नाही. तुम्ही आठ सेकंदांचा रिप्ले दाखवून परत येता तेव्हा पुढचा गडी बोनस घेऊन परतलेला असतो. गेल्या वर्षी हे तुमचं वारंवार झालं आहे. माझा नियम असा होता: ज्या चढाईबद्दल घरचा माणूस 'लागला का?' असं विचारेल तिचाच रिप्ले लगेच दाखवायचा, तोही तीन-चार सेकंदांचा. बाकी सगळे जपून ठेवायचे आणि टाइमआऊटला, मध्यंतराला दाखवायचे. थेट चढाई आणि रिप्ले यांत निवड करायची वेळ आली तर रिप्ले सोडून द्यायचा.

याच्याशीच जोडून एक गोष्ट सांगतो, ती माझ्या हातून घडलेली आहे. एका स्पर्धेत मैदानावर मोठा पडदा लावला होता आणि आमचंच चित्र तिथे दिसत होतं. उपांत्य सामना, शेवटची चार मिनिटं, एका पकडीत पाय मध्यरेषेला लागला की नाही यावर वाद. मी तो रिप्ले तीनदा फिरवला. मला वाटलं आपण काम चोख करतोय. तिसऱ्या वेळी गॅलरीतली माणसं थेट मैदानात उतरली आणि सामना चाळीस मिनिटं थांबला. पंच तरुण होता, त्याला रडू आवरलं नाही. लीगमध्ये संघाला रिव्ह्यू मागता येतो, तो नियमात बसवलेला आहे आणि तो बघणारा अधिकारी वेगळा असतो. तुमच्या स्पर्धेत तसा नियम नसेल तर तुमचा रिप्ले हा पुरावा नाही, आणि तो पुरावा होऊ देऊ नका. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आयोजक आणि पंचांसोबत बसून लेखी ठरवा: रिप्ले ग्राह्य धरायचा की नाही, धरायचा तर तो कोण बघणार. मैदानावर पडदा असेल तर वादाच्या चढाया तिथे जाणार नाहीत अशी वेगळी वायर ओढा. आणि संघाचे लोक तुमच्या गाडीकडे 'जरा दाखवा' म्हणत आले तर दार उघडू नका, मग तो तुमचा सख्खा मेव्हणा असला तरी.

पडद्यावरच्या आकड्यांकडे वळू. तुम्ही गुण आणि वेळ दाखवता. तेवढ्यावर भागत नाही. मैदानात बचावाचे किती गडी उरलेत हे सतत दिसलं पाहिजे. सहा किंवा जास्त असतील तरच बोनस मिळतो. लीगच्या नियमांत तीन किंवा कमी असताना पकड झाली तर ती सुपर टॅकल, एकाऐवजी दोन गुण. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो, गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. हे तिन्ही संदर्भ माहीत असल्याशिवाय तोच प्रसंग वेगळा अर्थ देतो. दोन गडी उरलेत आणि चढाईपटू लांबूनच फिरून परत गेला, तर नवख्याला वाटतं घाबरला. जाणकाराला माहीत असतं की त्याने सुपर टॅकल टाळली. स्टार स्पोर्ट्सने घड्याळ आणि उरलेल्या गड्यांचे ठिपके पडद्यावर ठेवून हे ज्ञान घरोघर पोचवलं, आणि तेही कुणाला शिकवणी देतोय असं न वाटता. सात ठिपके, बाद झाला की एक विझतो. हे तुमच्या लॅपटॉपवरही बनतं. तुमच्या स्पर्धेत कोणते नियम लागू आहेत तेवढे आयोजकांना विचारून घ्या, सगळीकडे सारखे नसतात.

एक मुलगा कानाला हेडफोन लावून गुणलेखकाच्या शेजारीच बसवा. गुण त्याच्या वहीतून पडद्यावर यायला हवेत, तुमच्या अंदाजातून येता कामा नयेत. पंचांनी हात वर करण्याआधी आकडा बदलायची स्पर्धा करू नका. दोन सेकंद उशीर चालतो, मागे घेतलेला गुण चालत नाही.

उजेड आणि माती. मॅट असेल तर अर्धं काम सोपं. मातीवर फक्कीने मारलेल्या रेषा दहा मिनिटांत पुसल्या जातात आणि कॅमेऱ्यात त्या आधीच फिकट दिसतात. मध्यंतराला रेषा पुन्हा मारायला माणूस ठेवायला सांगा. पाणी मारून माती दाबलेली असेल तर रेषा जास्त टिकतात आणि धूळही उडत नाही. आपल्याकडे विजेच्या दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्यात चित्र लुकलुकतं. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की तो त्रास जातो. गेल्या वर्षीच्या तुमच्या तिसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र लुकलुकतं ते यामुळेच, कॅमेरा बिघडलेला नाही. दोन्ही संघांचे गणवेश एकाच गडद रंगाचे असतील तर नाणेफेकीच्या आधीच एकाला जाकिटं घालायला लावा.

आवाजासाठी तुम्ही काहीच केलेलं नाही, आणि मला वाटतं मैदानातली मजा घरी न पोचण्याचं दुसरं मोठं कारण हेच आहे. तुमच्या प्रक्षेपणात मंडपातल्या भोंग्याचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकमधून शिरतो आणि वरून समालोचन. कबड्डीचा स्वतःचा आवाज आहे. मांडीवरची थाप, 'कबड्डी कबड्डी'चा दम, कोपऱ्याने मध्यरक्षकाला दिलेली हाक, सात जणांचं वजन एकदम खाली येतं तो धप्प आवाज. मैदानाच्या चार कोपऱ्यांत रेषेबाहेर चार लांब माइक खाली तोंड करून लावा. मंडपातल्या निवेदकाचा आवाज त्याच्या मिक्सरमधून वेगळ्या वायरने घ्या, म्हणजे तो हवा तेव्हा कमी करता येईल. ध्वनिक्षेपकवाल्याला चहा पाजा, तो मदत करतो. चढाई चालू असताना गाणी वाजवू नका एवढं आयोजकांकडून कबूल करून घ्या.

समालोचकांनी चढाईच्या शेवटच्या दहा सेकंदांत गप्प बसावं. बाळ ज. पंडितांचं आकाशवाणीवरचं क्रिकेट ऐकून माझी पिढी वाढली. त्यांना सगळं बोलून दाखवावं लागे, कारण ऐकणाऱ्यासमोर चित्र नव्हतं. तुमच्या प्रेक्षकासमोर चित्र आहे. 'तो पुढे गेला, तो मागे आला' हे त्याला दिसतंय. त्याला न दिसणारं सांगा: हा डावखुरा आहे म्हणून उजव्या कोपऱ्याकडे जातोय, या कोपऱ्याची घोटा पकड जिल्ह्यात नावाजलेली आहे, त्यांची दुसरी चढाई रिकामी गेलीय. आणि आपले शब्द वापरा. चढाई, पकड, लोण, निदान रेषा, कोपरा, मध्यरक्षक. हे शब्द महाराष्ट्राने घडवले आहेत, या खेळाचे पहिले लिखित नियम इथल्या माणसांनी बसवले. लीगने मराठीतूनही समालोचन दिलं तेव्हा मला सर्वांत जास्त आनंद 'लोण' हा शब्द टीव्हीवर ऐकून झाला होता. रेडर, टॅकल म्हटलं तरी कुणी रागावणार नाही, पण बुजुर्ग प्रेक्षक 'पकड' म्हटल्यावर पुढे सरकून बसतो, ते मी घरोघरी पाहिलं आहे.

आता हंगाम. तुमच्या प्रश्नात हा शब्द आहे, पण कामात तो कुठेच दिसत नाही. तुम्ही सुटे सामने दाखवता. आज तासगाव, पुढच्या शनिवारी विटा, मग पंधरा दिवस काही नाही. प्रेक्षकाने कशाची वाट बघायची?

आपली कबड्डी मुळात मातीवरची, म्हणून पाऊस उघडल्यावरची. दिवाळी झाली, रान मोकळं झालं की स्पर्धा सुरू. लीग मॅटवर आणि छपराखाली गेली आणि पहिल्या हंगामाने थेट जुलै-ऑगस्ट गाठला, ऐन श्रावणात. त्या दिवसांत क्रिकेटची गर्दी कमी, माणसं संध्याकाळी घरात. रोज रात्री आठला सामना. चाळीस मिनिटांचा खेळ, पाच मिनिटांचं मध्यंतर, तासाच्या आत निकाल. ही आपल्या घरांत मालिकांची वेळ, आणि लीग त्याच वेळेत मालिकेसारखी शिरली. २६ जुलैला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपली. त्या अंतिम सामन्यात जयपूरने यू मुम्बाला ३५-२४ असं हरवलं, म्हणजे पहिल्या दिवशीचेच दोन संघ शेवटच्या दिवशी समोरासमोर. असं लिहून घडवता येत नाही, पण घडलं तेव्हा प्रेक्षकाला ते आठवलं, कारण मधल्या पाच आठवड्यांत रोज तेच चेहरे घरी येत होते. यू मुम्बाचा कर्णधार अनुपकुमार, त्याला जुलैपूर्वी मुंबईत किती जण ओळखत होते? ऑगस्ट संपताना आमच्या सोसायटीतली पोरं त्याच्यासारखा पाय लांबवून बोनस घ्यायला शिकली होती. पुढे इराणचा फजल अत्राचली यू मुम्बाकडे आला आणि त्याची घोटा पकड हा इथल्या पोरांच्या बोलण्याचा विषय झाला. वाहिनीने माणसं ओळखीची करून दिली, मग लोक माणसांसाठी सामना लावू लागले.

हेही सांगतो की लांबण लावल्याने हंगाम मोठा होत नाही. २०१७ ला लीगचे बारा संघ झाले, १३८ सामने, तीन महिने. मी त्या वर्षी मधले काही आठवडे पाहिलेच नाहीत, आणि माझ्या ओळखीच्या अनेकांचं तसंच झालं. पाच आठवड्यांची ओढ तीन महिने टिकवायची तर मधल्या काळात गोष्ट पुढे सरकती ठेवावी लागते. आणि २०१६ ला प्रो कबड्डीसोबतच महिलांचं कबड्डी चॅलेंज झालं, तीन संघांचं. अभिलाषा म्हात्रेसारखी आपली खेळाडू एका संघाची कर्णधार होती. अंतिम सामना २४-२३ असा एका गुणाने सुटला. पुढच्या वर्षी ते झालं नाही. ओळख होऊ लागली होती आणि दार बंद झालं. मला ते अजून सलतं. तुमच्या जिल्ह्यात महिलांच्या स्पर्धा होतात, त्या तुमच्या वेळापत्रकात नाहीत. त्या यंदा घ्या, आणि दुपारच्या रिकाम्या वेळेत ढकलू नका.

तर दिवाळीपूर्वी हे करा. जिल्ह्यातल्या ज्या दहा-बारा संघांचे सामने तुम्ही दाखवणार, त्यांच्या सरावाला एकेक संध्याकाळ जा. प्रत्येक खेळाडूचं दहा सेकंदांचं चित्र, त्याच्याच तोंडून त्याचं नाव, गाव, जागा. नावाचा उच्चार त्याच्याकडूनच कळतो. दोन खेळाडूंच्या घरी जा, एकाच्या कामाच्या ठिकाणी. ऊसतोडीला जाणारा, पोलीस भरतीची तयारी करणारा, दूध संकलनावर पहाटे चारला उभा राहणारा, असे गडी तुमच्या संघांत आहेत हे मला पाहायची गरज नाही, आमच्याही संघात तेच होते. दर सामन्यानंतर त्याच रात्री तीन मिनिटांच्या निवडक चढाया कापून ठेवा, खेळाडूच्या नावाने आणि तारखेने. जानेवारीत त्याच दोन संघांची गाठ पडेल तेव्हा नोव्हेंबरची पकड तुमच्या हाताशी असेल. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा, ज्या शनिवारी सामना नाही त्या शनिवारीही त्याच वेळी अर्धा तास काहीतरी दाखवा: निवडक चढाया, गुणतक्ता, पुढचा सामना कुठे.

वेळ पाळण्यात सर्वांत मोठा अडथळा सत्काराचा आहे. सहाचा सामना साडेनऊला सुरू होतो, तोवर पाहुण्यांचे फेटे, शाल-श्रीफळ, भाषणं. घरचा माणूस आठला टीव्ही बंद करतो. पण माझं दुखणं त्याहून वेगळं आहे. अंग गरम करून तयार झालेली पोरं तीन तास थंडीत बसतात आणि मग एकदम मैदानात उतरतात. स्नायू दुखावतात, गुडघे जातात. आयोजकांना हे सांगायचा हक्क तुम्हाला आहे, कारण त्यांना प्रक्षेपण हवं आहे. पहिला सामना वेळेवर, सत्कार दोन सामन्यांच्या मध्ये, आणि तो आम्ही पूर्ण दाखवू, असं सांगा. दोन ठिकाणी ऐकणार नाहीत. तिसऱ्या ठिकाणी ऐकतील, आणि मग बाकीचेही.

जाहिराती चढाईवर कधीही नकोत, खालच्या पट्टीतही नकोत, पाय तिथेच असतात. टाइमआऊट, मध्यंतर आणि दोन सामन्यांमधला वेळ तुमच्या प्रायोजकांना पुरतो. जनरेटर आणि इंटरनेटची दुसरी जोडणी याबद्दल तुमची तयारी चांगली आहे, तिथे मला काही सुचवायचं नाही.

पहिल्या स्पर्धेच्या आधी एखाद्या मंडळाच्या सरावात संपूर्ण जुळणी करून वीस मिनिटं टिपा. मग ते रेकॉर्डिंग कबड्डी फारशी न पाहिलेल्या कुणालातरी, घरातल्या एखाद्या मावशीला किंवा आत्याला, आवाज बंद करून दाखवा आणि मध्येच थांबवून विचारा: आत्ता आत कोण गेलंय, समोर किती उरलेत, कोण जिंकतंय. जिथे त्यांना सांगता येणार नाही ती वेळ लिहून ठेवा आणि त्या वेळी तुम्ही कोणता कॅमेरा लावला होता ते बघा. ती यादी मला पाठवा, पहिल्या सामन्याच्या आधी आपण दोघं मिळून बसू.